रिपोर्ट फाइलीत असतो, माणसाला कुणी सांगत नाही

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, महाराष्ट्र राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण,
आणि राज्यातल्या मनोरुग्णालयांत व मानसोपचार विभागांत काम करणारे सर्व डॉक्टर

स.न.वि.वि.

मी सरकारी नोकरीत परिचारिका म्हणून लागले आणि परिसेविका (वॉर्डाची मुख्य सिस्टर) म्हणून निवृत्त झाले. मधली बरीच वर्षं मानसोपचार वॉर्डात गेली. नोकरीत असताना जे बोलायला हवं होतं ते पुरेसं बोलले नाही, म्हणून आता लिहिते आहे. विषय आहे सिफिलिसचा. आपल्याकडे ज्याला गरमी म्हणतात, पुस्तकात उपदंश लिहितात, तो.

मनोरुग्णाच्या नातेवाइकाजवळ एक पिशवी असते. बहुतेक वेळा साडीच्या दुकानाची, बंद तुटलेली, गाठ मारलेली. आत पाच-सात वर्षांचे कागद: देवऋष्याच्या अंगाऱ्याच्या पुडीपासून एमआरआयच्या फिल्मपर्यंत. ओपीडीत ती पिशवी टेबलावर येते आणि डॉक्टर वरचे दोन कागद बघतात. गर्दीच तेवढी असते, मी दोष देत नाही. राहिलेले कागद लावून ठेवायचं काम आमच्याकडे येतं.

अशाच एका पिशवीत मला तो कागद सापडला. रुग्ण पन्नाशीच्या आतले, कापडाच्या दुकानात हिशेब लिहिणारे. दोन वर्षांपासून बिघडले होते. एसटी स्टँड मी विकत घेतलाय म्हणायचे, पगाराचे पैसे रस्त्यात वाटायचे, रात्र रात्र जागायचे. मेनियाचं निदान झालेलं, गोळ्या चालू, गुण यथातथाच. बायकोने पिशवीतून दुकानाची एक जुनी वहीसुद्धा आणली होती. 'डॉक्टर बघतील का बघा' म्हणाली. पहिल्या पानांवर अक्षर कसं, तर छापल्यासारखं. रकमा एकाखाली एक, रेघ मारलेली. पुढे पुढे ओळी खाली घसरायला लागल्या, काने-मात्रे गळायला लागले, शब्दातलं मधलंच अक्षर नाहीसं व्हायला लागलं. शेवटच्या पानावर बेरीजच नव्हती, नुसते आकडे.

त्याच पिशवीत तळाला हर्नियाच्या ऑपरेशनआधी केलेल्या तपासण्यांचा कागद होता, सहा वर्षांपूर्वीचा. हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही निगेटिव्ह, आणि खाली व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्ततपासणी: रिॲक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह. समोर कुणीतरी निळ्या पेनने गोल केला होता. तो गोल करून ऑपरेशन झालं, टाके निघाले, डिस्चार्ज झाला. त्या गोलाचा अर्थ त्या माणसाला कुणीही सांगितला नाही.

आमच्या तरुण डॉक्टरांना कागद दाखवला. त्यांनी तिथल्या तिथे टॉर्च काढली. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, उजेड टाकला तरी आकसत नव्हत्या. बोट नाकाजवळ आणलं की मात्र आकसत होत्या. जीभ बाहेर काढायला सांगितली तर थरथरत होती. पाठीतलं पाणी काढायचं ठरलं, तर भाऊ म्हणाला, पाणी काढलं की माणूस लुळा पडतो. त्याला समजावण्यात दोन दिवस गेले. पाण्यातही व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह आली, पेशी वाढलेल्या. आजार मेंदूपर्यंत पोचला होता.

डॉक्टरमंडळींना हे नवीन नाही, पण हे पत्र घरोघरी वाचलं जावं अशी माझी इच्छा आहे, म्हणून थोडक्यात सांगते. या आजाराचे जंतू बहुतेक वेळा शरीरसंबंधातून येतात. साधारण तीन आठवड्यांनी त्या जागी एक न दुखणारी जखम होते आणि औषधाशिवाय आपोआप बरी होते. इथेच माणूस फसतो. काही आठवड्यांनी अंगावर, तळहातावर, तळपायावर पुरळ येतो, खाजतही नाही, तोही जातो. अंगात उष्णता झाली म्हणून लोक सब्जा आणि गुलकंद खातात, आणि पुरळ गेला की गुण आला असं समजतात. मग वर्षानुवर्षं सगळं शांत. जंतू मज्जासंस्थेत सुरुवातीलाही शिरू शकतात, पण बुद्धी आणि स्वभाव पोखरणारा जो प्रकार आहे तो बहुधा दहा-वीस वर्षांनी वर येतो. तेव्हा तो मेनियासारखा दिसतो, डिप्रेशनसारखा दिसतो, स्किझोफ्रेनियासारखा दिसतो, विसरभोळेपणासारखाही दिसतो.

पेनिसिलीन येण्याआधी युरोपातल्या वेड्यांच्या इस्पितळांत असे रुग्ण मोठ्या संख्येने असायचे. 1913 साली नोगुची आणि मूर या संशोधकांनी अशा रुग्णांच्या मेंदूत हे जंतू दाखवून दिले. 1917 पासून व्हिएन्नाचे डॉक्टर वाग्नर-यौरेग रुग्णांना मुद्दाम मलेरिया देऊन तापाने हा आजार हटवू पाहत होते, आणि त्याबद्दल 1927 चं नोबेल त्यांना मिळालं. 1943 मध्ये पेनिसिलीन लागू पडतं हे कळलं आणि मग असे रुग्ण कमी व्हायला लागले. इतके, की डॉक्टरांच्या दोन पिढ्यांना हा आजार पुस्तकात वाचून सोडून द्यायची सवय लागली. आजार मात्र गेलेला नाही.

त्या हिशेबनीसांचं पुढे काय झालं ते सांगते, कारण खरी अडचण तिथून सुरू होते. कुल्ल्यात टोचतात ते बेंझाथीन पेनिसिलीन मेंदूपर्यंत पुरेसं पोचत नाही. मेंदूतल्या सिफिलिसला क्रिस्टलाइन पेनिसिलीन लागतं: दर 4 तासांनी 30 ते 40 लाख युनिट शिरेतून, 10 ते 14 दिवस. मानसोपचार वॉर्डात चोवीस तास सलाईनची व्यवस्था नव्हती, रुग्ण सुया उपसून टाकत होते. दुसऱ्या रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात पाठवलं. ते म्हणाले, हा मेंटल पेशंट आहे, बाकीच्या रुग्णांना त्रास होईल, सोबत अटेंडंट द्या. आमच्याकडे अटेंडंट नव्हता. रुग्ण परत आला. पुन्हा पाठवला, पुन्हा परत. नऊ दिवस असे गेले. शेवटी बायको आणि भाऊ आळीपाळीने उशाशी बसतील असं लिहून घेतलं आणि औषध सुरू झालं.

ते शांत झाले. झोपायला लागले. एसटी स्टँड विकत घेतल्याचं बोलणं थांबलं. हिशेब मात्र परत आला नाही. बायकोने वही समोर ठेवली की रेघा मारायचे, अगदी सरळ, आणि थांबायचे.

बायकोची तपासणी केली, तीही रिॲक्टिव्ह. आठवड्याला एक याप्रमाणे बेंझाथीनची तीन इंजेक्शनं दिली. ते औषध दुधासारखं घट्ट असतं, सुईत अडकतं, फार दुखतं. तिसऱ्या इंजेक्शनाच्या दिवशी ती म्हणाली, "सिस्टर, माझी पहिली दोन बाळंतपणं आठव्या महिन्यात वाया गेली." दोन्ही वेळा घरातच सुईणीने सोडवलं होतं, रक्त कुणी तपासलंच नव्हतं. त्याचा याच्याशी संबंध होता का, हे आता कुणी सिद्ध करू शकत नाही. उपचार न झालेला सिफिलिस पोटातलं मूल मारतो, हे मात्र मला माहीत होतं. मी गप्प बसले. मग तिने विचारलं, "सहा वर्षं कागदावर होतं ना? मग आम्हाला कुणी वाचून का नाही दाखवलं?"

माननीय सदस्य, डॉक्टरमंडळी, या प्रश्नासाठीच हे पत्र आहे.

तपासण्या होत नाहीत एवढीच माझी तक्रार असती तर सोपं होतं. तपासणी कुठे होते, कुठे नाही. डॉक्टर बदलला की बदलते. त्याहून मोठं दुखणं असं, की झालेली तपासणी माणसापर्यंत पोचत नाही. 'त्याला काय समजणार', 'आधीच डोकं फिरलेलं, त्यात हे कशाला', 'बायकोला कळलं तर घर मोडेल'. ही वाक्यं मी शेकडो वेळा ऐकली. बोलणारी माणसं वाईट नव्हती. त्यांना वाटायचं आपण रुग्णाची अब्रू झाकतोय. रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर 'गुप्तरोग' म्हणून जाहिराती रंगवलेल्या असतात ना, तो गुप्तपणा आमच्या केसपेपरातही शिरला आहे.

वेड्याला सांगायची गरज नाही असं एकदा मनाने घेतलं की माणूस कुठवर जाऊ शकतो, हे सिफिलिसच्याच इतिहासात लिहिलेलं आहे. 1946 ते 1948 या काळात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेच्या डॉक्टरांनी ग्वाटेमालात सैनिक, कैदी, वेश्या आणि मनोरुग्णालयातल्या रुग्णांवर गुप्तरोगांचे प्रयोग केले. मनोरुग्णांच्या अंगात सिफिलिसचे जंतू मुद्दाम घातले. प्रमुख होते डॉ. जॉन कटलर. सगळे मिळून 1308 जणांना संसर्गाला सामोरं जावं लागलं, त्यांतल्या जेमतेम निम्म्यांना, 678 जणांना, काही ना काही उपचार मिळाल्याची नोंद आहे. रुग्णांना मोबदला म्हणून सिगारेटी, आणि रुग्णालयाला फ्रीज, प्रोजेक्टर, धातूची ताटं-पेले. बेर्ता नावाची एक रुग्ण त्यातच 1948 मध्ये वारली. हे जगाला कळलं 2010 मध्ये, सुझन रेव्हर्बी या इतिहासकार बाईंना सापडलेल्या कटलरच्या जुन्या कागदपत्रांमधून. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली. बासष्ट वर्षांनी.

आपल्याकडे असं कुणी करत नाही, मी तसं सुचवतही नाही. पण त्या ताटांबद्दल वाचलं तेव्हा मला आमच्या वॉर्डातलं एक ताट आठवलं. पॉझिटिव्ह रुग्णाच्या ताटाला मागून लाल नेलपॉलिशचा ठिपका लावायची पद्धत होती. मी वॉर्डात नवी होते तेव्हा मीही लावला. हा आजार ताटातून, कपड्यातून, संडासातून पसरत नाही, हे मला शिकवलेलं होतं, तरी लावला. म्हणजे ज्याचं त्याला माहीत नाही ते आयांना, वॉर्डबॉयला, स्वयंपाकघराला माहीत. पुढे माझ्या हातात वॉर्ड आल्यावर ती सगळी ताटं मी स्वतः घासून काढली. पण त्या ठिपक्याची ताटं घेऊन जेवलेल्या माणसांची माफी मागायची राहून गेली, ती इथे मागते.

आता बायकांबद्दल. त्यांच्यावर जास्त लिहिणार आहे, कारण त्यांच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

पोलीस एका बाईला रेल्वे स्टेशनवरून घेऊन आले होते. नाव सांगत नव्हती, वॉर्डाने तिला नाव दिलं. रिपोर्ट रिॲक्टिव्ह आला आणि त्याच संध्याकाळी दोन आया तिच्याकडे बघून काहीतरी बोलून हसल्या. तिच्यावर उपचार झाले, इंजेक्शनं दिली, फाईल बंद. हे तिला कुणाकडून, कसं आलं, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही आला नाही. चार महिन्यांनी, औषधांनी थोडी सावरल्यावर, केस विंचरता विंचरता तिने आपणहून सांगायला सुरुवात केली. फलाटावरच्या रात्री. पाण्याची बाटली देणारा माणूस. मी कंगवा हातात धरून बसून राहिले.

बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत दाखल झालेल्या 146 स्त्रियांशी तिथल्या संशोधकांनी बोलून 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या 34 टक्के जणींनी आपल्यावर लैंगिक जबरदस्ती झाल्याचं सांगितलं, आणि त्यांतल्या बहुसंख्य जणींनी आधी कुणाला सांगितलेलंच नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं. आपण विचारतच नाही. रिॲक्टिव्ह आलेल्या बाईचा रिपोर्ट आपण तिच्या चारित्र्याचा दाखला म्हणून वाचतो. तो तिच्यावर झालेल्या अत्याचाराची पहिली खूण असू शकतो, हे आपल्याला सुचत नाही. आणि संसर्ग दाखल झाल्यानंतरचा असेल, तर तो प्रश्न रुग्णालयाच्या भिंतींच्या आतला आहे. लैंगिक छळापासून संरक्षण हा 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 20 नुसार तिचा हक्क आहे.

आणखी एक, आपल्या घराघरांतलं. मुलगा थोडा सैरभैर झाला की 'लग्न लावून द्या, सुधारेल'. मेनियाच्या झटक्यात तो कुठे कुठे जाऊन आला, हे घरच्या पुरुषांना अनेकदा माहीत असतं. येणाऱ्या मुलीला यातलं काही सांगत नाहीत. आजारही नाही आणि जोखीमही नाही. मनोरुग्णाला शरीरसंबंध नसतातच, असं धरून आम्ही डिस्चार्जच्या वेळी गोळ्यांच्या वेळा सांगतो, जेवण सांगतो, जागरण टाळा सांगतो. निरोधबद्दल एक शब्द नाही. मी स्वतः सांगायला सुरुवात केली तेव्हा रुग्ण लाजले, नातेवाईक रागावले, आणि दोन-तीन वेळा डॉक्टरांनीही मला बाजूला घेतलं.

यावर नेहमीचे आक्षेप मला पाठ आहेत. शंभरात एखादाच निघेल, सगळ्यांची कशाला करायची? गरोदर बाईची ही तपासणी आपण करतो. रक्तपेढीत दान केलेल्या प्रत्येक पिशवीची करतो, कायद्यानेच ती सक्तीची आहे. जिथे बोलणं बिघडतं, वागणं बिघडतं, आणि औषधाने थांबू शकेल असं एखादं कारण मागे असू शकतं, तिथे मात्र आपण हात आखडतो. बोटाच्या थेंबावर पाव तासात सांगणारे किट आता आहेत.

दुसरा आक्षेप खरा आहे आणि तो मी मान्य करते. व्हीडीआरएल खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, गरोदरपणात, कुष्ठरोगात, मलेरियात, ल्युपससारख्या आजारात. म्हणून टीपीएचए या सिफिलिसच्या दुसऱ्या रक्ततपासणीने खात्री केल्याशिवाय कुणाच्या संसारात बॉम्ब टाकू नये. टीपीएचए एकदा पॉझिटिव्ह आली की बहुतेकांत जन्मभर तशीच राहते, त्यामुळे पूर्वी उपचार झालेत का हे विचारणं आणि व्हीडीआरएलचं प्रमाण उतरतंय का हे सहा महिन्यांनी, वर्षाने पाहणं, दोन्ही आलं. आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून त्या माणसाचं सगळं आजारपण त्यातलंच, असंही नाही. स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाला सिफिलिसही होऊ शकतो. तेव्हा मनाच्या गोळ्या बंद करायच्या नसतात. हे समजावून सांगायला वेळ लागतो, पण तो द्यावा लागेल.

तिसरा आक्षेप: भ्रमात असलेल्या माणसाला सांगणार कसं, संमती घेणार कशी? झोपेचं इंजेक्शन देताना आम्ही त्याला सांगतोच ना, 'दादा, आता टोचणार आहे'? तसंच. आज समजलं नाही तर आठ दिवसांनी पुन्हा. समज येते आणि जाते, कायदाही तसंच मानतो. तोवर त्याने नेमलेला प्रतिनिधी आहे. माहितीचा हक्क कलम 22 मध्ये, गोपनीयतेचा 23 मध्ये, स्वतःचे कागद बघण्याचा 25 मध्ये लिहिलेला आहे. हा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे.

तेव्हा माझं मागणं असं. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही चारही मनोरुग्णालयं आणि जिल्ह्याजिल्ह्यांतले मानसोपचार विभाग यांच्यासाठी प्राधिकरणाने एक स्पष्ट सूचना काढावी. दाखल होणाऱ्या प्रत्येकाला ही तपासणी विचारून, सांगून द्यावी. जिल्हा रुग्णालयातलं गुप्तरोगांसाठीचं सुरक्षा क्लिनिक मोफत आहे, पण मनोरुग्ण तिथे एकटा चालत जाणार नाही, त्यांच्या समुपदेशकाने वॉर्डात यावं. जोडीदाराला बोलावणं रुग्णाशी बोलूनच व्हावं, आणि झाल्यावर तिची किंवा त्याची तपासणी, इंजेक्शन, सगळं त्याच फेरीत उरकावं, कारण गावाहून पुन्हा येणं होत नाही. क्रिस्टलाइन पेनिसिलीनची गरज पडली तर कोणत्या रुग्णालयाच्या कोणत्या वॉर्डात खाट मिळेल आणि अटेंडंट कोण देईल, हे आधीच लेखी ठरलेलं असावं. त्या नऊ दिवसांसारखे नऊ दिवस दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नयेत. पेनिसिलीनच्या रिॲक्शनच्या भीतीने आमच्या कित्येक परिचारिका मुली ते टोचायलाच घाबरतात; त्यांना शिकवा, ॲड्रेनालिन हाताशी द्या, पहिल्या डोसला डॉक्टर शेजारी उभे राहा. आणि बाईचा रिपोर्ट रिॲक्टिव्ह आला तर एका प्रशिक्षित बाईने एकांतात, घाई न करता तिच्याशी बोलावं. एकदा नाही सांगितलं तर पुन्हा बसावं.

एवढ्यातलं काय कधी होईल ते मला माहीत नाही. पण एक गोष्ट उद्याच्या उद्या करता येईल, तिला निधी लागत नाही, पदं लागत नाहीत. केसपेपरावर तपासण्यांच्या रकान्याखाली एक ओळ छापून घ्या: 'रुग्णास अहवाल कोणी सांगितला, कोणत्या तारखेस.' आणि पुढे सहीला जागा ठेवा.

आपली,
एक निवृत्त परिसेविका